आनापान: बसायचं कसं, मोजायचं किती आणि श्वास सापडेनासा झाला तर

गोदाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांना जय भीम, नमो बुद्धाय.

वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम) जवळ आला. आपल्याकडच्या विहारांत वंदना, त्रिसरण-पंचशील झालं की शेवटी "आता दहा मिनिटं आनापान", म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, असं सांगतात आणि सगळे डोळे मिटतात. पुढं नेमकं काय करायचं हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. मग दहातली सात मिनिटं गॅस बंद केला का आणि बोअरची मोटर चालू राहिली का यातच जातात. म्हणून हा धागा फक्त कृतीचा. श्वासाची थोरवी नको, ती सगळ्यांना पाठ आहे.

बैठक: सतरंजीवर सपाट मांडी घातली तर कंबर मागं कलते आणि पाच मिनिटांत पाठीला पोक येतो. बुडाखाली गोधडीची घट्ट घडी घ्या, साधारण चार बोटं उंच. खूण एकच, गुडघे कमरेच्या खाली गेले पाहिजेत. गुडघे हवेत तरंगत असतील तर घडी आणखी वाढवा. फोमची उशी नको, ती दबते आणि माणूस एका कुशीला कलतो. गुडघेदुखी असेल तर सरळ खुर्ची घ्या, पाठ न टेकता पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे जमिनीला सपाट. हनुवटी किंचित आत. हात मांडीवर कसेही ठेवा, त्यात काही गुपित नाही.

जागा: नाकपुड्यांची कड किंवा वरच्या ओठाचा मधला भाग, जिथं हवा घासून जाते तिथं. विशुद्धिमग्ग (ध्यानपद्धतींचा जुना पाली ग्रंथ) या बाबतीत मजेशीर नेमका आहे. लांब नाकवाल्याला श्वास नाकाच्या शेंड्याला लागतो, आखूड नाकवाल्याला वरच्या ओठाला. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं पाहा की आपल्याला कुठं लागतो, मग ती जागा सोडू नका. कूलर किंवा पंख्याचा झोत तोंडावर असेल तर हा स्पर्श कळणारच नाही, पाठ फिरवून बसा. आणि मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, "आत येणारी हवा गार लागते" हे पुस्तकी वाक्य विसरा. गार-गरम शोधू नका, स्पर्श शोधा.

श्वास: जसा येतो तसा. लांब आला तर लांब, आखूड आला तर आखूड, एवढं कळलं पाहिजे. मुद्दाम लांब करायचा नाही. आनापानाच्या सुत्तात (बुद्धांच्या प्रवचनात) सोळा पायऱ्या आहेत. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना "पजानाति" म्हणजे "जाणतो" असं क्रियापद आहे आणि उरलेल्या चौदांना "सिक्खति" म्हणजे "शिकतो". सुरुवातीला शिकायचं काहीच नाही, नुसतं जाणायचं आहे. गडबड इथंच होते.

मोजण्याबद्दल खाली कुणीतरी लिहा, नाहीतर मी उद्या लिहितो.

बालाघाटी

मोजणीचं मी सांगतो.

विशुद्धिमग्गातला नियम असा की पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढं जायचं नाही. कारणंही दिली आहेत. पाचाच्या आत मोजलं तर मन अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं धडका मारतं. दहाच्या पुढं गेलं तर मन श्वासाला सोडून आकड्याला टेकतं. हे दुसरं करून बघा. शंभरापर्यंत मोजता येतं आणि श्वास एकदाही जाणवलेला नसतो.

मोजायचं धान्य मोजणाऱ्यासारखं, सावकाश. आपल्याकडं मापाड्या पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणतो आणि दुसरं माप पडेपर्यंत तेच घोळवत राहतो, लाभ, लाभ, लाभ. विशुद्धिमग्गातला मापाड्याही हेच करतो. माप भरतो, "एक" म्हणून ओततो, पुढचं माप भरताना त्यात काडीकचरा दिसला तर तो काढून टाकता टाकता "एक, एक" म्हणत राहतो. म्हणजे हातानं कचरा काढतोय तरी आकडा सुटत नाही. विचार आला, तो बाजूला केला, आकडा तोंडातच राहिला. एवढीच युक्ती आहे.

आत येताना "एक", बाहेर जाताना "एक". मग "दोन", "दोन". दहा झाले की परत एक. मध्येच विसरलं तर कितीवर होतो हे आठवत बसायचं नाही, एकपासून सुरू. निरोगी मोठा माणूस शांत बसल्यावर मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तर दहाची एक फेरी ४० सेकंदांची, २० मिनिटांत ३० फेऱ्या. पहिल्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या जरी सलग झाल्या तरी पुष्कळ.

मोजणी जमली की चाल बदलते. तिथं मापाड्या जाऊन गुराखी येतो. सकाळी कोंडवाड्याच्या दारावर बसून, ओटीत खडे घेऊन, बाहेर पडणारं जनावर दारात आलं की खडा टाकत मोजणारा. श्वास तेव्हा आपोआप भराभर जाणवायला लागतात, म्हणून मोजणीही भराभर: एक ते पाच, मग एक ते सहा, एक ते सात, असं दहापर्यंत. श्वासामागं आत फुप्फुसापर्यंत जायचं नाही, बाहेर हवेतही जायचं नाही. दारातच बसायचं.

सरकी

पण विपश्यना शिबिरात तर सांगतात की मोजू नका, कुठला शब्द नको, नुसता नैसर्गिक श्वास पाहा. मग बरोबर कोणतं? दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस तेच करून घेतात.

बालाघाटी

सरकीताई, दोन्ही बरोबर. गोएंका गुरुजींच्या परंपरेत शब्द आणि आकडा दोन्ही टाळतात, कारण पुढं चौथ्या दिवसापासून संवेदना पाहायच्या असतात आणि शब्दाची सवय तिथं आड येते. मोजणीची पद्धत अट्ठकथांची (सुत्तांवरच्या जुन्या टीकाग्रंथांची) आहे आणि तिथंही मोजणी म्हणजे कुबडी. चित्त ठरलं की टाकायचीच असते. बर्मी परंपरेतच महासी सयाडोंच्या पद्धतीत पोटाचं फुगणं-बसणं पाहतात. ज्या पद्धतीनं शिकलात तीच धरा. सोमवारी नाक, मंगळवारी पोट, बुधवारी मोजणी असं केलं तर तीन महिन्यांनी तिन्हींतलं काहीच हाती नसतं.

मांजरातीर

प्राणायाम करणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. पूरक-कुंभक-रेचक (श्वास घेणं-रोखणं-सोडणं) हे वेगळं शास्त्र आहे, इथं मिसळू नका. मज्झिम निकायातल्या (निकाय म्हणजे सुत्तांचा संग्रह) महासच्चक सुत्तात बुद्धांनी श्वास रोखून ध्यान करून पाहिल्याचं सविस्तर आहे. नाक-तोंडानं श्वास बंद केला तर कानातून वारा लोहाराच्या भात्यासारखा घोंघावत निघाला, डोक्यात टोकदार शस्त्रानं कोरल्यासारख्या कळा आल्या, पोट कसायाच्या सुरीनं कापल्यासारखं झालं. आणि मग त्यांना आठवलं ते लहानपणी वडिलांचं काम चालू असताना जांभळीच्या गार सावलीत बसल्यावर लागलेलं ध्यान. तिथं ते स्वतःला विचारतात की, या सुखाला मी कामून भ्यायचं? (कामून माझं, मूळ पाली वेगळं आहे!)

शेताच्या कामात, जांभळीखाली. काहीही न रोखता.

जोरजोरात खोल श्वास घेतल्यानं काय होतं तेही सांगतो, कारण यात फार लोक फसायलेत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. नवख्याला वाटतं पीती (ध्यानात उसळणारा हर्ष) आली. ती पीती नव्हे. ओळखायची सोपी खूण अशी की श्वासावरचा जोर काढून दोन-चार मिनिटं साधा श्वास चालू द्या, मुंग्या ओसरल्या तर ती तुमच्याच जोराची करामत होती.

पिंपळपान

छान चाललंय. पण धाग्याला एक आक्षेप आहे. हल्ली "क्षणात जगा, आनंदी राहा" असे सुविचार सकाळी सकाळी बुद्धाच्या फोटोवर चिकटून फिरतात. तथागतांनी दुःख सांगितलं. वर्तमानातला आनंद वगैरे शहरी फॅड नाही का?

गोदाकाठ

पिंपळपान सर, फोटोवरच्या सुविचारांबद्दल एकमत. पण वर्तमानातलं सुख हे फॅड नाही, ते शब्दशः सुत्तात आहे: "दिट्ठधम्मसुखविहार", याच जीवनात, इथंच सुखानं राहणं. संयुत्त निकायात इच्छानंगलचा प्रसंग आहे. तथागत तीन महिने एकांतात राहिले, जेवण आणून देणाऱ्या एकाशिवाय कुणी जायचं नाही अशी सूचना. बाहेर आल्यावर म्हणाले, कुणी विचारलं की वर्षावासात काय केलं, तर सांगा, बहुतेक काळ आनापानस्मृतीत घालवला. आणि पुढं भेद केला आहे. जो अजून शिकतोय त्याला ही आस्रवांच्या (मनातल्या खोल मळांच्या) क्षयाकडं नेते. ज्याचं काम संपलं त्या अर्हताला ती याच जीवनात सुखानं राहण्यासाठी आणि स्मृती-संप्रजन्यासाठी (सजगता आणि स्पष्ट जाणीव यांसाठी). बुद्धत्व मिळाल्यावरही ते श्वास पाहत बसत होते. का, तर तिथं राहणं सुखाचं आहे म्हणून.

दुसरी जागा त्याच निकायाच्या अगदी सुरुवातीला आहे. रानात राहणारे, दिवसात एकदाच जेवणारे भिक्खू, यांचा चेहरा इतका टवटवीत कसा, असा प्रश्न. उत्तर: "अतीतं नानुसोचन्ति, नप्पजप्पन्ति नागतं, पच्चुप्पन्नेन यापेन्ति, तेन वण्णो पसीदति." गेल्याचा शोक नाही, येणाऱ्याची हाव नाही, आहे त्यावर चालवतात. आणि उलट करणारे कसे सुकतात? कापलेल्या हिरव्या बोरूसारखे. हिरवा तर दिसतो, पण मूळ तुटलेलं. कापून बांधावर टाकलेला कडवळाचा पेंढा दुपारपर्यंत कसा होतो ते डोळ्यासमोर आणा.

आता तुमच्या आक्षेपात खरं काय आहे ते. सुख हा सुरुवातीचा हुकूम नाही. सोळा पायऱ्यांत त्याचा नंबर सहावा. १. लांब श्वास जाणणं, २. आखूड जाणणं, ३. सगळ्या कायेचा अनुभव, ४. कायसंस्कार शांत करणं, ५. पीती, ६. सुख. चौथी न होता सहावीकडं हात घातला की जबरदस्तीचं हसू तयार होतं. तेच फोटोवर छापलेलं असतं.

मांजरातीर

पीती आणि सुख यातला फरक विशुद्धिमग्गात वाळवंटातल्या वाटसरूच्या दाखल्यानं दिला आहे. तहानेनं जीव कासावीस झालेल्या माणसाला झाडी आणि पाणी दिसलं, ती पीती. सावलीत जाऊन पाणी प्यायला, ते सुख. आपल्या भागात हे समजावून सांगायला वाळवंट लागत नाही. टँकर वळणावर दिसला की गल्लीत जी धावपळ होते ती पीती, घागर भरून घरात आल्यावर प्यालेला तांब्या म्हणजे सुख. पीतीत अजून हालचाल आहे, अंगावर काटा, लाटा, कधी डोळ्यात पाणी. तिचे पाच प्रकार सांगितले आहेत, अंगावर नुसता शहारा आणणाऱ्या खुद्दिकेपासून सगळं अंग भरून टाकणाऱ्या फरणेपर्यंत. लोक पीतीलाच शिखर समजतात आणि ती ओसरली की "ध्यान बिघडलं" म्हणतात. अहो, टँकर सारखा येतच राहावा असं म्हणता का? पाणी प्या की.

नागसेनवन

"कायसंस्कार" म्हणजे काय ते राहिलं. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन का म्हणतात हे इथं बहुतेकांना माहीत आहे, पण मिलिंदपञ्हात (राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या पाली ग्रंथात) श्वासावर थेट एक प्रश्नोत्तर आहे ते कमी लोक वाचतात. राजाचा माणूस अनंतकाय वाटेत नागसेनांना विचारतो, यातला नागसेन कोणता? आत-बाहेर करणारा हा वारा, हा जीव, तोच नागसेन असं मला वाटतं. नागसेन म्हणतात, हा वारा बाहेर जाऊन परत आला नाही तर माणूस जगेल का? नाही. मग शंख फुंकणारे, पावा फुंकणारे, शिंग फुंकणारे वारा बाहेर सोडतात, तोच वारा परत येतो का? नाही. मग ते मरत का नाहीत? अनंतकाय गप्प. नागसेनांचं उत्तर: हा जीव नव्हे, आश्वास-प्रश्वास हे कायसंस्कार आहेत.

व्यवहारात याचा उपयोग असा की श्वास पाहताना "प्राण", "आत्मशक्ती" असं काही कल्पायचं नाही. शरीराची एक चालणारी क्रिया, बस्स. श्वास आणि शरीर एकमेकांना बांधलेले आहेत. शरीर धापा टाकत असेल तर श्वास खरखरीत, शरीर निवलं की तोही निवतो. चौथी पायरी म्हणजे हे निवणं होऊ देणं, श्वासाला हातानं दाबणं नव्हे.

तिसऱ्या पायरीच्या "सब्बकाय"वर मतभेद आहेत. अट्ठकथा म्हणते सगळी श्वासकाया, म्हणजे श्वासाचं आदी-मध्य-अंत. दुसरे आचार्य म्हणतात सगळं शरीर. दोन्ही धरून साधणारे आहेत. नवख्यानं आदी-मध्य-अंतच धरावं, कारण विचार नेमका दोन श्वासांच्या सांध्यात शिरतो.

सरकी

मला दोन अडचणी विचारायच्यात, बऱ्याच जणींच्या आहेत. एक, रात्री जेवून बसलं की डुलकी लागते. दोन, काहींना श्वासाकडं लक्ष दिलं की उलट जीव घाबरा होतो, छातीत धडधड.

बालाघाटी

डुलकी: बुद्धांचे पट्टशिष्य मोग्गलान यांना हाच त्रास होता, त्यामुळं लाज नको. त्यांना दिलेला उपाय पायरी-पायरीचा आहे. ज्या विचारानं झोप येते तो सोड. नाही गेली तर ऐकलेल्या धम्माचा विचार कर. मग तो मोठ्यानं म्हण. मग कान ओढ, हातपाय चोळ. मग उठून डोळ्यांवर पाणी मार, दिशांकडं आणि वर चांदण्यांकडं बघ. मग मनात उजेडाची कल्पना धर. मग येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप येत असेल तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ ठरवून. कान ओढण्यापर्यंत क्वचितच जावं लागतं. पण दोन भाकरी आणि पिठलं खाऊन लगेच बसायचं हे मुळातच चूक. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, नाहीतर पहाटे बसा. उन्हाळ्यात तर पहाटे पाचशिवाय वेळच नाही.

गोदाकाठ

दुसऱ्या अडचणीबद्दल, ताई, हे गांभीर्यानं घ्या. "बसत राहा, जाईल" असं कुणालाही सांगू नका. आधी तपासा, श्वासावर जोर पडतोय का? भुवया आवळल्यात, जबडा घट्ट, असं असेल तर तीन-चार सुस्कारे सोडा आणि लक्ष नाकावरून पोटावर न्या. तरी धडधड वाढली तर डोळे उघडा, लक्ष तळपायांवर, ते जमिनीला टेकलेत तिथं, किंवा चालायला लागा. श्वास हा काही एकमेव दरवाजा नाही. दमा असलेल्यांनी अटॅक चालू असताना श्वासाचं निरीक्षण करू नये, आधी पंप. जुन्या धक्क्याच्या आठवणी उसळत असतील, झोप उडाली असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांकडं जायचं. तथागतांनीही परिस्थिती बघून विषय बदलला होता. वेसालीत अशुभभावनेचा (शरीराच्या किळसवाण्या बाजूवरच्या ध्यानाचा) अतिरेक होऊन भिक्खूंनी जीव दिले, तेव्हा त्यांनी आनंदाला सांगून संघ गोळा केला आणि त्याऐवजी आनापान शिकवलं.

दाखला तिथलाच आहे: उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेला धुरळा मोठा अकालमेघ जागच्या जागी बसवतो. अकालमेघ, म्हणजे आपला अवकाळी! आपल्याकडं तो शब्द ऐकला की आधी आंबा आणि पंचनामा आठवतो, पण रोहिण्यांत चार थेंब पडल्यावर वावटळ कशी बसते तेही आपणच रोज बघतो.

पिंपळपान

आक्षेप मागं घेतो, पूर्ण नाही, अर्धा. आता खरी अडचण. मोजणी सुटली, श्वास बारीक होत गेला आणि मग सापडतच नाही. तेव्हा जोरात घेऊन परत चालू करायचा का?

नागसेनवन

मुळीच नाही. इथंच लोक केलेलं काम मोडतात. घंटेचा टोल पडतो, आवाज बारीक होत जातो, शेवटी नुसती आठवण उरते, तसं हे आहे. इतर विषय पुढं गेल्यावर ठळक होतात, हा एकटा पुढं गेल्यावर बारीक होतो. उठायचं नाही, कारण उठलं की पुन्हा मापाड्यापासून सुरू. आचार्यांनी अशा वेळी स्वतःला समजावायला यादीच दिली आहे. श्वास कुणाला नसतो? आईच्या पोटातल्या बाळाला, पाण्यात बुडालेल्याला, बेशुद्धाला, मेलेल्याला, चौथ्या ध्यानात (समाधीच्या अगदी खोल अवस्थेत) असलेल्याला, आणखी एक-दोघांना. "बाबा रे, तू यातला कुणीच नाहीस. म्हणजे श्वास आहे, तुझी नजर जाड आहे." मग जिथं नेहमी लागतो त्या जागेवर लक्ष ठेवून थांबायचं.

कसं थांबायचं त्याचा दाखला नांगरटीचा आहे. कुणब्यानं नांगरून बैल सोडले आणि सावलीत विसावला. बैल रानात गेले. शहाणा कुणबी पायाचे ठसे शोधत रानभर हिंडत नाही. कासरा आणि पराणी घेऊन थेट पाणवठ्यावर जातो आणि बसतो. बैल चरून पाण्यावर येतातच. आले की बांधायचे आणि पुन्हा जुंपायचे. कासरा म्हणजे स्मृती, पराणी म्हणजे प्रज्ञा, पाणवठा म्हणजे ती नाकाखालची जागा.

मांजरातीर

मूळ पालीत तो कुणबी पाणवठ्यावर "बसून किंवा आडवा होऊन" वाट बघतो असं आहे, हे सांगायचं राहिलं!

सरकी

मग आडवं होऊन चालतं की.

बालाघाटी

कुणब्याला चालतं ताई, त्यानं सकाळपासून नांगरलंय. पाठीचा त्रास असेल तर तुम्हालाही चालेल, पण गुडघे दुमडून, तळवे जमिनीला टेकवून झोपा. डुलकी लागली की गुडघे एका बाजूला पडतात आणि जाग येते.